अशिलाची खुर्ची

बेकर स्ट्रीटवरच्या खिडकीशी होम्स उभा आहे. समोरच्या फुटपाथवर एक थोराड बांध्याची बाई घुटमळते आहे. गळ्याभोवती जाड फर, डोक्यावर रुंद हॅट, हॅटमध्ये खोचलेलं लाल पीस. ती वर खिडकीकडे बघते, एक पाऊल पुढे टाकते, पुन्हा मागे सरते, हातमोज्यांच्या बटणांशी चाळा करत राहते. मग पोहणाऱ्यानं एकदाचं पाण्यात अंग टाकावं तशी ती रस्ता ओलांडते आणि खाली घंटा खणखणते. होम्स वॉटसनला सांगतो, फुटपाथवरचं हे असलं हेलकावणं म्हणजे प्रकरण प्रेमाचं. सल्ला तर हवाय, पण सांगायचं कसं हे कळत नाहीये.

ही मेरी सदरलँड. १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आलेल्या गोष्टीतली. ऑकलंडच्या काकांनी मागे ठेवलेल्या रोख्यांचं वर्षाकाठी १०० पौंड व्याज तिला मिळतं. आईकडे आणि सावत्र बापाकडे राहते म्हणून ते सगळं ती त्यांना देऊन टाकते आणि स्वतःचा खर्च टायपिंग करून भागवते. कागदाला २ पेन्स, दिवसाला १५ ते २० कागद. तिचा होणारा नवरा हॉस्मर एंजल लग्नाच्या दिवशी चर्चच्या वाटेवर चालत्या घोडागाडीतून नाहीसा झालाय. तो म्हणजे तिचा सावत्र बापच, काळा चष्मा आणि खोटे कल्ले लावून आलेला, हे होम्सला तिचं बोलणं संपेपर्यंत कळून चुकतं. मुलीचं लग्न झालं तर १०० पौंड घराबाहेर जाणार. म्हणून तिला अशा माणसात गुंतवायचं की जो कधी परत येणार नाही आणि ज्याला ती कधी विसरणार नाही. कमावत्या लेकीचं लग्न या ना त्या कारणानं लांबवणारी घरं मराठी वाचकाला काही नवी नाहीत. साठ-सत्तरच्या दशकात नोकरीला लागलेल्या, धाकट्या भावंडांची शिक्षणं करता करता स्वतः मागे राहून गेलेल्या आत्या-मावश्या आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. मी शाळेत असताना भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स वाचला. पुढे ही गोष्ट मूळ इंग्रजीत वाचली तेव्हा लंडनपेक्षा मला आमच्याच वाड्यातली एक आत्या आठवली होती.

आता हेच कथानक बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये बघा. १ जानेवारी २०१४ ला दाखवलेला भाग. होम्स दोन वर्षांनी लंडनला परतलाय, वॉटसन रुसलाय, म्हणून शवागारात काम करणारी मॉली मदतीला आहे. एक मुलगी रडते आहे, शेजारी बाप बसलाय. शेरलॉक भरभर बोलून टाकतो: ऑनलाइन बॉयफ्रेंड म्हणजे हा सावत्र बाप, प्रेम तोडलं, मुलगी घरात बसली, पगार घरात राहिला. विंडीबँक हे आडनावसुद्धा मूळचंच. शेरलॉक त्याला शिवी घालायला तोंड उघडतो आणि ती शिवी पूर्ण होते दुसऱ्या खोलीत, वॉटसनच्या तोंडी, वेगळ्याच संदर्भात. गंमत येते. संकलन तर अप्रतिम. पण त्या मुलीचं नाव काय, ती कशी बोलते, तिनं काय काय सोसलं, यातलं काहीही आपल्याला कळत नाही. दोन मित्र एकमेकांवाचून कसे अडलेत हे दाखवण्यासाठी ती तिथे बसवलेली आहे.

होम्सच्या नव्या टीव्ही मालिकांबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच. त्यांनी अशिलाची खुर्ची उचलून बाहेर ठेवली.

एरवी या विषयावरचा वाद भलत्याच ठिकाणी घातला जातो. जुने वाचक म्हणतात, होम्सच्या हातात मोबाइल कशाला, वॉटसन बाई कशाला, न्यूयॉर्क कशाला. या मंडळींना मी एकच आठवण करून देईन. अमेरिकन नट विल्यम जिलेट होम्सवर नाटक करत होता, तेव्हा त्यानं होम्सचा जनक कॉनन डॉयलला तारेनं विचारलं की होम्सचं लग्न लावलं तर चालेल का. उत्तर आलं: लग्न लावा, खून करा, वाटेल ते करा. खुद्द बापाला पोराच्या सोवळ्याची फिकीर नव्हती. १८९३ मध्ये तर त्यानं त्याला धबधब्यात ढकलून दिलंच होतं. बॅसिल रॅथबोनचा होम्स १९४२ पासून नाझी हेरांच्या मागे धावला, म्हणजे तो तेव्हाच्या वर्तमानात आणलेला होम्स होता. आज तेच चित्रपट ‘जुने, अस्सल’ म्हणून मिरवले जातात. तेव्हा काळ बदलण्याला माझी काहीच हरकत नाही. उलट ‘शेरलॉक’चा पहिला भाग बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

तो भाग मला भाचीनं दाखवला. तेव्हा ती पुण्यात इंजिनिअरिंगला होती, सुटीत घरी आली की लॅपटॉप मांडीवर घेऊन रात्र रात्र मालिका बघायची. “मामा, तुझा होम्स बघ आता कसला भारी झालाय,” असं म्हणून तिनं मला शेजारी बसवलं. स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस यांनी २०१० च्या जुलैत आणलेली ही मालिका, एकेक भाग दीड तासाचा. पहिल्याच भेटीत होम्स विचारतो, “अफगाणिस्तान की इराक?” मी ताठ बसलो. मूळ वॉटसन १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला लष्करी डॉक्टर, आणि १३० वर्षांनी इंग्रज फौजा पुन्हा त्याच मुलखात होत्या. मूळ होम्सचं अफगाणिस्तानबद्दलचं वाक्य जवळपास तसंच वापरता यावं, ही इतिहासानं लेखकांना दिलेली फुकटची देणगीच.

मग टॅक्सीतला तो प्रसंग. डॉयलच्या दुसऱ्या कादंबरीत वॉटसन होम्सची परीक्षा घ्यायला एक सोन्याचं घड्याळ पुढे करतो. किल्लीच्या भोकाभोवती हजार ओरखडे, म्हणजे रोज रात्री थरथरत्या हातानं किल्ली फिरवणारा दारुडा. झाकणाच्या आत टाचणीनं कोरलेले चार आकडे, म्हणजे चार वेळा सावकाराकडे गहाण. २०१० मध्ये घड्याळाच्या जागी मोबाइल येतो, ओरखडे चार्जरच्या भोकाभोवती येतात आणि मागे ‘हॅरी, क्लाराकडून’ असं कोरलेलं असतं. शेरलॉक भाऊ म्हणतो, निघते बहीण. हॅरी म्हणजे हॅरिएट. जुनं जाणणाऱ्याला डोळा मारावा आणि नव्या प्रेक्षकाला काहीच कमी पडू नये, असं हे रूपांतर. त्याच भागात जमिनीवर खरवडलेल्या ‘RACHE’ या शब्दाची जागाही उलटी केली आहे. डॉयलच्या पहिल्या कादंबरीत पोलीस अधिकारी लेस्ट्रेडला ‘रेचल’ हे अर्धवट नाव वाटतं आणि होम्स सांगतो की तो सूड या अर्थाचा जर्मन शब्द आहे. इथे दुसरा कोणी जर्मन शब्द म्हणतो आणि होम्स त्याला झटकून ‘रेचल’ म्हणतो. शिवाय पडद्यावर तरंगणारी अक्षरं. माणूस विचार करतोय हे कॅमेऱ्याला कसं दाखवायचं, या जुन्या डोकेदुखीवर इतकं साधं औषध आधी कुणाला सुचलं नव्हतं याचंच नवल.

पण घड्याळाचा तो प्रसंग मी घरी जाऊन पुन्हा वाचला, आणि एक गोष्ट खटकली ती कायमची. मूळ प्रसंगात अनुमान ऐकून वॉटसन चिडतो. दुःखी होऊन खोलीत येरझाऱ्या घालतो. त्याला वाटतं, होम्सनं आपल्या मेलेल्या भावाची चौकशी केली आणि आता जादू केल्याचा आव आणतोय. यावर होम्स काय करतो? माफी मागतो. म्हणतो, मी याकडे एक कोडं म्हणून बघत होतो, तुझ्यासाठी ही किती खासगी आणि दुखरी गोष्ट असेल ते विसरलो. मालिकेतल्या टॅक्सीत वॉटसन म्हणतो, “कमाल!” आणि शेरलॉक सुखावतो. दृश्य गोड आहे. पण मूळ पान कोडं सोडवण्याची किंमत दाखवत होतं, टॅक्सीतला प्रसंग कोडं सोडवणाऱ्याला दाद देतो. पुढचे बारा भाग कुठल्या दिशेनं जाणार ते त्या टॅक्सीतच ठरलं होतं.

होम्स तुसडा होता, हे खरंच. पोलिसांशी, राजेमहाराजांशी, कधी वॉटसनशीही. पण खुर्चीत बसलेल्या भेदरलेल्या माणसाशी तो कसा वागतो ते बघा. १८९२ मधली ठिपकेवाल्या पट्ट्याची गोष्ट. सकाळी सव्वासातला हेलन स्टोनर आली आहे, काळे कपडे, चेहऱ्यावर बुरखा. होम्स म्हणतो, बरं झालं मिसेस हडसननी शेगडी पेटवली, जवळ बसा, गरम कॉफी मागवतो, तुम्ही कुडकुडताय. ती म्हणते, थंडीनं नाही, भीतीनं. तो पुढे वाकून तिच्या हातावर थोपटतो. पैसे आत्ता नाहीत म्हटल्यावर सांगतो की काम हाच माझा मोबदला, खर्च काय होईल तो सवडीनं द्या. आणि बोलता बोलता तिच्या बाहीची झालर मागे सारतो. मनगटावर पाच काळेनिळे वळ, चार बोटं आणि अंगठा. ती सावत्र बापाला पाठीशी घालत होती. (या गोष्टीतला साप बशीतलं दूध पितो आणि शीळ ऐकून परत येतो. डॉक्टर असलेल्या डॉयलला सापाबद्दल आपल्या नागपंचमीइतकंच ज्ञान होतं असं दिसतं. पण वळांचं निरीक्षण मात्र पक्कं डॉक्टरचं.)

म्हणजे त्या खोलीत अनुमान हे ऐकण्याचं साधन होतं. पोलीस ज्याचं ऐकून घेत नाहीत, घरातले ज्याला वेड्यात काढतात, असा माणूस तिथे येऊन बसायचा. गव्हर्नेस, गहाणवट दुकानदार, अंगठा तुटलेला इंजिनिअर, टायपिस्ट. एकूण ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या, आणि त्यातल्या कितीतरींचा पहिला तृतीयांश भाग अशिलाच्या तोंडचा. आपल्याला होम्सच्या आधी त्या माणसाची काळजी वाटू लागते. होम्सची हुशारी मग त्या काळजीच्या उपयोगी पडते.

‘शेरलॉक’मध्ये अशील येतात ते कंटाळवाणे ठरायला. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला ते एकामागून एक त्या खुर्चीत बसतात आणि शेरलॉक एका शब्दात त्यांना वाटेला लावतो. विनोद चांगला जमलाय, माझ्या भाचीचा तो आवडता तुकडा. पण बाहेर घालवलेल्या त्या माणसांच्या जागी येऊन बसतो शेरलॉक स्वतः. त्याचं बालपण, त्याचा भाऊ, त्याचा शत्रू, त्याचं मन, त्या मनातला तो प्रसिद्ध ‘माइंड पॅलेस’. २०१२ च्या जानेवारीत तो बार्ट्स हॉस्पिटलच्या छतावरून उडी मारतो. कसा वाचला यावर जगभरचे प्रेक्षक दोन वर्षं डोकं खाजवत बसले. परत आल्यावर मालिकेनं दोन-तीन खुलासे पुढे ठेवले, त्यातला खरा कोणता ते अधांतरी सोडलं आणि वर विचारणाऱ्यांचीच थट्टा केली. रहस्यकथेत लेखकानं वाचकाला चकवावं, हा खेळच आहे. उत्तर मागणाऱ्याला खुळा ठरवणं मात्र खेळात बसत नाही.

नॉरबरीचं काय केलं ते तर बघाच. १८९३ च्या एका गोष्टीत होम्स सपशेल चुकतो. नॉरबरी गावातल्या एका बाईनं काहीतरी काळंबेरं लपवलंय असा त्याचा तर्क, आणि निघते पहिल्या लग्नाची तिची काळी मुलगी. नवरा बराच वेळ गप्प राहतो, मग मुलीला उचलून घेतो आणि दुसरा हात बायकोपुढे करतो. होम्स आणि वॉटसन गुपचूप निघून जातात. रात्री झोपायला जाताना होम्स म्हणतो, मी पुन्हा कधी शेफारलो तर कानात फक्त ‘नॉरबरी’ म्हण. अशिलाच्या मोठ्या मनापुढे गुप्तहेराची अक्कल छोटी ठरली, असा तो शब्द. २०१७ च्या पर्वात नॉरबरी हे एका खुनी बाईचं आडनाव होतं. शेरलॉक तिला डिवचतो, ती गोळी झाडते, वॉटसनची बायको मधे येते आणि मरते. मग शेरलॉक मिसेस हडसनना सांगतो, मी शेफारलो तर ‘नॉरबरी’ म्हणा. शब्द तोच, वाक्यही जवळपास तेच. पण मुलीला उचलून घेणारा तो नवरा गेला आणि त्याच्या जागी शेरलॉकचा अपराधगंड आला.

याच पर्वाचा शेवट एका बेटावरच्या तुरुंगात होतो. तिथे शेरलॉकची, त्याला स्वतःलाही आठवत नसलेली बहीण आहे, त्याच्याहून हुशार. ती गॅरिडेब नावाचे तीन भाऊ दोरानं खिडकीबाहेर टांगते, गुन्हेगार कोण ते ओळखायला लावते आणि तिघांनाही समुद्रात सोडते. ‘तीन गॅरिडेब’ ही डॉयलची १९२५ च्या जानेवारीत ‘स्ट्रँड’मध्ये आलेली गोष्ट. तिच्यात वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि होम्सचे ओठ थरथरतात, डोळे भरून येतात. देवाशपथ सांग, फार लागलं नाही ना, असं तो विचारतो. वॉटसन लिहितो की त्या थंड मुखवट्यामागची माया दिसली, त्यासाठी एक काय, कितीतरी जखमा सोसायला हरकत नव्हती. सगळ्या होम्सकथांमधलं हे सर्वांत हळवं पान. नाव तिथून उचलायचं आणि माणसं दोराला टांगायची, याला मी तरी रूपांतर म्हणणार नाही.

या मायेवरून अमेरिकेत खटलाही झाला आहे. २०२० मध्ये होम्सच्या धाकट्या बहिणीवरचा एक चित्रपट येऊ घातला होता. डॉयलच्या वारसांच्या संस्थेनं दावा ठोकला की या चित्रपटातला होम्स प्रेमळ आहे, आणि प्रेमळ होम्स हा फक्त शेवटच्या दहा कथांत आहे, ज्यांचा कॉपीराइट तेव्हा तिथे शिल्लक होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात डॉयलनं मुलगा आणि भाऊ गमावले, त्यानंतर होम्स मवाळ झाला, असा युक्तिवाद. त्याच वर्षी ते प्रकरण मिटलं. कोरडा होम्स सार्वजनिक मालकीचा, प्रेमळ होम्स खासगी! वकिलांना हे सुचलं याबद्दल त्यांचं कौतुक, पण हेलन स्टोनरला मागवलेली कॉफी १८९२ ची होती. या दाव्यात तथ्य वाटावं इतकं आपण सगळे कोरड्या होम्सला सरावलो आहोत, हे मला जास्त बोचतं. ‘हाय-फंक्शनिंग सोशिओपॅथ’ ही शेरलॉकनं स्वतःला लावलेली पदवी एका पिढीनं टी-शर्टवर मिरवली. हुशार माणसानं उद्धट असलंच पाहिजे, आणि उद्धटपणा दिसला की मागे हुशारी असणारच, हा समज आपल्या ऑफिसांत आणि कॉलेजांत रुजायला त्याची मदत झालीच. मी नोकरीत असे दोन साहेब पाहिले. त्यांच्यापैकी एकानंही कुणाच्या मनगटावरचे वळ ओळखले नसते.

‘एलिमेंटरी’ ही अमेरिकन मालिका मी उशिरा बघितली, नाक मुरडतच. २०१२ ते २०१९, सात पर्वं, १५४ भाग. न्यूयॉर्क, दर आठवड्याला एक खून, आणि लूसी ल्यूची जोन वॉटसन. वरवर बघता मूळ कथांपासून कोसभर लांब. इथेही अशिलाची खुर्ची तशी रिकामीच, कारण हा होम्स पोलिसांचा सल्लागार. खून झाल्यावर त्याला फोन येतो. अनेक भाग साच्यातले आहेत, खुनी दुसऱ्या ब्रेकपर्यंत ओळखू येतो. पण लेखक रॉबर्ट डोहर्टीनं एक फार शहाणी गोष्ट केली. होम्सलाच अशील केलं. जॉनी ली मिलरचा होम्स व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर पडलाय. जोन ही शस्त्रक्रिया सोडून दिलेली सर्जन, त्याच्या बापानं सहा आठवड्यांसाठी नेमलेली सोबतीण. म्हणजे त्याच्या खुर्चीसमोर बसून ऐकणार ती. मूळ होम्स कोकेनची सुई टोचून घ्यायचा, ‘शेरलॉक’नं त्याचा निकोटीनच्या तीन पट्ट्यांचा चुटका केला, ‘एलिमेंटरी’नं मात्र व्यसन हा आजार म्हणून घेतला आणि सात वर्षं सोडला नाही. सभागृहात गोल मांडलेल्या खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीत बसलेला जगातला सर्वांत हुशार माणूस, आणि त्याला बोलायला लाज वाटते आहे. मेरी सदरलँड फुटपाथवर जशी हेलकावत होती, तसा हा दाराशी हेलकावतो. पुढे तो जोनला काम शिकवतो, ती स्वतःच्या केसेस घेते. पहिल्या पर्वाच्या शेवटी गच्चीवरच्या पोळ्यात मधमाश्यांची नवी जात निपजते आणि तो तिला वॉटसनचं नाव देतो. डॉयलचा होम्स निवृत्त होऊन ससेक्सला मधमाश्याच पाळत होता. पाठ केलेल्या ओळीपेक्षा असा एखादा दुवा मला जास्त इमानी वाटतो.

आता आपल्या बाजूनं थोडं. वॉटसनच्या आयुष्याची कहाणी आपल्या दारावरून गेलेली आहे. पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात तो मुंबई बंदरात उतरतो आणि त्याला कळतं की आपली पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली. मैवंदला इंग्रजांच्या बाजूनं लढलेल्या फौजेत बॉम्बे ग्रेनेडियर्ससारख्या मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. त्यांची नावं होम्सकथांत येत नाहीत. येतात ते आग्र्याचा खजिना, कलकत्त्यात दवाखाना चालवून आलेला दुष्ट डॉक्टर, आणि १८९० च्या कादंबरीतला टोंगा नावाचा अंदमानी माणूस, ज्याचं वर्णन आज मोठ्यानं वाचवत नाही. साम्राज्याची घाण लंडनमध्ये वाहून येते, असं त्या कथांना खरंच वाटत होतं. नव्या मालिकांना इथे दुरुस्तीची मोठी संधी होती. ‘शेरलॉक’नं त्याच कादंबरीतल्या गुन्हेगाराचं जोनाथन स्मॉल हे नाव ठेवलं, आग्रा आणि अंदमान वगळून टाकले, आणि दुसऱ्याच भागात चिनी टोळी, सर्कस, गूढ अंक असा सगळा जुना पूर्वग्रह मागच्या दारानं आत घेतला. २०१० साली! लूसी ल्यूची वॉटसन दोन वर्षांनी आली आणि तिनं त्या बाबतीत एक अवाक्षर न बोलता उत्तर दिलं.

आपल्याकडचा होम्सचा सर्वांत चांगला वारस मला दूरदर्शनवर भेटला होता, १९९३ मध्ये. बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्शी’, रजित कपूर आणि के. के. रैना. सेट साधे, प्रकाशयोजना दूरदर्शनची. पण दारावर थाप पडायची, घाबरलेला माणूस आत यायचा, चहा यायचा, आणि ब्योमकेश ऐकायला लागायचा. (ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. कलकत्त्यातल्या कितीतरी खुनांचा शोध पुण्यात बसून लागलाय, हे पुणेकरांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर पाटी लागली असती.) २०२४ मध्ये आलेल्या ‘शेखर होम’नं आणखी एक चतुराई केली: के. के. मेननचा हा होम्स नव्वदच्या दशकारंभीच्या बंगालमध्ये ठेवला, म्हणजे मोबाइलची अडचणच नको. माणसाला बातमी द्यायची तर चालत यावं लागतं.

त्यावर कुणी म्हणेल, मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या काळात बिचाऱ्या अशिलाला काय स्थान? सगळं तर यंत्रच सांगतं. डॉयलनं हा प्रश्न त्याच्या काळात सोडवून ठेवलाय. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांची शाखा १९०१ मध्ये सुरू झाली, आणि ती आणणाऱ्या एडवर्ड हेन्रीनं ही पद्धत बंगालमध्ये असताना बसवली होती. दोनच वर्षांनी डॉयलनं एक गोष्ट लिहिली. मॅकफार्लन नावाचा तरुण वकील धापा टाकत बेकर स्ट्रीटला पोचतो, पाठोपाठ पोलीस. त्याला बेड्या घालण्याआधी अर्धा तास बोलू दिलं जातं. पुढे भिंतीवर रक्तात उमटलेला त्याचाच अंगठा सापडतो. लेस्ट्रेड विजयी मुद्रेनं उभा. नवं, अचूक, शास्त्रीय तंत्र. होम्सला हसू आवरत नाही, कारण ती भिंत त्यानं आदल्या दिवशी स्वतः तपासली होती आणि तिथे अंगठा नव्हता. आज त्या अंगठ्याच्या जागी डीएनए अहवाल ठेवा, फोनचं लोकेशन ठेवा, कुणीतरी बनवलेला व्हिडिओ ठेवा. यंत्र म्हणतंय की हाच तो, आणि खुर्चीतला माणूस म्हणतोय मी नाही. एवढा आजचा विषय हाताशी असताना आपल्याला दिसली ती गुप्त बहीण आणि समुद्रातलं बेट.

व्यवसायाची अडचण मला मान्य आहे. वीस-पंचवीस पानांच्या गोष्टीत दीड तास भरत नाही. प्रेक्षक परत यावा तर नायकात त्याला गुंतवावं लागतं. अशील दर भागाला बदलतो, नट तोच राहतो. आणि बेनेडिक्ट कंबरबॅच हाताशी असताना कॅमेरा दुसरीकडे वळवायला मोठी छाती लागते. तरीही ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीनं १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत ४१ भाग केले, त्यांतले बहुतेक तासाभराचे, आणि जेरेमी ब्रेटइतका नजर खिळवणारा होम्स दुसरा झालेला नाही. अशील बोलत असताना तो डोळे मिटून, बोटांची टोकं जुळवून बसतो आणि कॅमेरा अशिलावरच राहतो. ब्रेटला त्यानं काही कमीपणा आला नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर ऐकवलं. आता ती बंगळुरूला असते, मालिका बघायला वेळ नसतो म्हणते. मेरी सदरलँडची गोष्ट तिला पाठवली. दोन दिवसांनी रात्री तिचा फोन.

“मामा, गोष्ट मस्त आहे. पण शेवटी तिला सांगितलं कुणी?”

“कुणाला?”

“मेरीला. तो एंजल म्हणजे तिचा बाप होता, हे तिला कोण सांगतं?”

कुणीच नाही. होम्स विंडीबँकवर चाबूक उगारतो, तो पळून जातो. वॉटसन विचारतो, मिस सदरलँडचं काय? होम्स म्हणतो, मी सांगितलं तरी तिचा विश्वास बसणार नाही, आणि बाईचा भ्रम काढून घेणं किती धोक्याचं यावर एक फार्सी वचन ऐकवतो. गोष्ट संपते. ती टायपिस्ट त्याच घरात परत गेली असणार, १०० पौंड देत, वाट बघत.

“आणि मालिकेत?” भाची म्हणाली. “मालिकेत ती तिथेच बसलेली असते ना रे. तिच्यासमोर सांगतो तो.”

मी तो भाग पुन्हा लावला. बसलेली होती खरी.